बयनाबाईचं उतरलेलं वजन

तेलंगणातल्या जैनथहून पैनगंगेकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या गावात बयनाबाईइतकी जाड बाई दुसरी नव्हती, आणि तिच्याइतकी ताकदवान बाईही नव्हती. शाळेत दुपारचा स्वयंपाक करायला लागून तिला अठरा वर्षं झाली होती. सत्तर पोरांचा भात ज्या गंजात शिजायचा तो चुलीवरून उतरवायला दुसऱ्या शाळांत दोन बाया लागत. बयनाबाई पदर खोचायची, दोन्ही काठांना फडकी धरायची आणि "सरका रे पोट्टेहो!" म्हणत एकटीच तो गंज ओट्यावर आणून ठेवायची. चालताना धापा टाकायची, गुडघ्यांना हात लावून उठायची, पण गंज कधी कुणाला उचलू द्यायची नाही.

तिचा नवरा यशवंतराव अंगावर वीज पडून गेला तेव्हा चंदा सातवीत होती. एकुलती एक पोर. सकाळी लोकांच्या वावरात निंदण आणि दुपारी शाळेची चूल, असं करत बयनाबाईनं तिला इंटरपर्यंत, म्हणजे बारावीपर्यंत शिकवलं. मायला सोडून लांब जायचं नाही हे चंदानंच ठरवलं होतं, म्हणून तिनं गावातल्याच पंकजशी लग्न केलं. पंकज जैनथ ते आदिलाबाद ऑटो चालवायचा. दोन घरांमध्ये एक गल्ली आणि एक हापसा, एवढंच अंतर.

पुढं चंदा गावची आशा वर्कर झाली. गरोदर बायांच्या गोळ्या, लेकरांच्या लसी, आणि अलीकडे तिशीपुढच्या सगळ्यांचं बीपी, शुगर, वजन. खांद्याला पिशवी, पिशवीत वजनकाटा. ती दारोदार सांगत फिरायची, "काकू, भात कमी करा, चाला थोडं." एके दिवशी हापशावर एकीनं तिला ऐकवलं, "पयले तुह्या मायले उतरव, मंग आमाले सांगाले ये." सगळ्या बाया हसल्या. चंदाही हसली, पण घरी येईपर्यंत तिचे कान तापलेले होते.

त्या दसऱ्याला तिनं मायला काट्यावर उभं केलं. एकशेआठ किलो.

"आजपासून भात बंद," चंदा म्हणाली. "दोन वेळेस एक-एक भाकर, पालेभाजी, वरण. गोड नाई, तळलेलं नाई. अन् रोज नदीच्या रस्त्यानं चालाचं."

"सैपाक करणारीनं भात चाखू नाई त का करावं व?"

"चाखाचा. खाचा नाई."

बयनाबाईनं हुं केलं. पोरीच्या शब्दाबाहेर जायची तिची पद्धत नव्हती, निदान तोंडावर तरी.

पहिल्या महिन्यात दोन किलो उतरले. दुसऱ्या महिन्यात काहीच नाही. चंदा चिडली, पण धीर सोडला नाही. संक्रांत झाली आणि काटा खाली यायला लागला. एका महिन्यात चार, पुढच्या महिन्यात पाच. चोळ्या ढिल्या झाल्या, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. बयनाबाईच्या गळ्याखाली दुहेरी घडी होती ती सैल पडली. हापशावरच्या बाया आता वेगळ्या सुरात विचारू लागल्या, "चंदे, मायले का चारून राह्यली व? आमालेबी सांग."

एप्रिलमध्ये प्राथमिक आरोग्य केंद्रात आशांची बैठक झाली. दमयंती सिस्टरनं बयनाबाईला मुद्दाम बोलावून घेतलं, सगळ्यांपुढं उभं केलं आणि सांगितलं, "एकशेआठवरून नव्वद. औषध नाही, ऑपरेशन नाही. घरात आशा असेल तर असं होतं." टाळ्या वाजल्या. कुणी मोबाइलवर फोटो काढला. फोटोत चंदा दात काढून हसते आहे आणि बयनाबाई भिंतीला टेकली आहे. ती टेकली होती हे तेव्हा कुणी पाहिलं नाही. चंदानंही नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. दुसऱ्याच आठवड्यात सांबाराचं तपेलं उचलताना बयनाबाईच्या हातून ते निसटलं. पोरं लांब होती म्हणून वाचली. तिचा डावा पाय मात्र घोट्यापर्यंत भाजला. मुख्याध्यापक धावत आले. बयनाबाई खाली बसून होती. पाय भाजल्याचं तिला भानच नव्हतं, ती आपल्या हातांकडे पाहत होती.

"हात सुटले," ती चंदाला म्हणाली. "म्या सोडलं नाई. हातच सुटले."

"तू आळशी झाली माय," चंदा मलम लावता लावता म्हणाली. "दोन महिने सुट्टीत घरात बसून होती. चालणंबी बंद केलं. ताकद कुठून येईन? पाय बरा झाला का रोज दोन चकरा."

पाय बरा झाल्यावर तिनं मायला खरोखरच दोन-दोन चकरा मारायला लावल्या. एके दिवशी सकाळचं ऊन चढलेलं, दोन्ही बाजूंना कपाशी नुकती गुडघ्याला लागत होती. अर्ध्या वाटेवर बयनाबाई बांधावर बसली आणि म्हणाली, आता नाही जमत. चंदा तिच्या पुढं उभी राहिली. लसीकरणाला उशीर होत होता. "उठ. असंच बसशीन त पुन्हा जशीच्या तशी होशीन. लोक हसतीन मले." बयनाबाईनं दोन्ही हात जमिनीला टेकले, उठायचा प्रयत्न केला, पुन्हा बसली. तिसऱ्या वेळी उठली आणि चालली. चंदा पुढं पुढं चालत राहिली, कारण मागं वळून पाहिलं तर आपण नरम पडू, असं तिला वाटलं.

ही सकाळ पुढं चंदाच्या छातीत रुतून बसली.

पंकजनं मात्र सासूचा चेहरा पाहिला होता. "मामी बऱ्या दिसत नाईत," तो म्हणाला आणि आपल्याच ऑटोत बसवून दोघींना आदिलाबादला एका खासगी डॉक्टरकडे घेऊन गेला. त्या डॉक्टरानं रक्त तपासलं. शुगर निघाली. आधी कधीच नव्हती. वजन एकोणऐंशी. "अशक्तपणा?" डॉक्टर हसला. "एकोणऐंशी किलोच्या बाईला कसला अशक्तपणा? आणखी पंधरा उतरवा, शुगरही जाईल." गोळ्या लिहून दिल्या. चंदाला बरं वाटलं. आपण बरोबर करतोय, असं कुणीतरी शिकलेल्या माणसानं सांगितलं होतं.

जुलैच्या अखेरीस, पाऊस दोन दिवस थांबलेला असताना, चंदा मायच्या घरी ज्वारी वाळत घालायला गेली. ज्वारीच्या कोठीत हात घातला तर आत एक डबा लागला. उघडला. गूळ, शेंगदाणे, चार बुंदीचे लाडू, कागदात गुंडाळलेली चिवड्याची पुडी. चंदाच्या डोक्यात तिडीक गेली. डबा तसाच उचलून तिनं मायच्या पुढं आपटला.

"हे का होय?"

बयनाबाई खाटेवर आडवी होती. तिनं डब्याकडे पाहिलं आणि लाजली. पन्नाशी उलटलेली बाई पोरीपुढं लहान लेकरासारखी लाजली.

"संक्रांतीपासून," ती म्हणाली. "तिळगूळ खाल्ला, मंग राहवलंच नाई. शाळेत भातबी खाऊन राह्यली होती. अंडंबी. तुले सांगतलं नाई. तू खुश होती ना."

"संक्रांतीपासून?"

"रोज."

चंदाचा राग तोंडातच वाळून गेला. ती खाली बसली. वहीची गरज नव्हती, आकडे तिला तोंडपाठ होते. आहार पाळला तेव्हा काटा हलला नव्हता. आहार मोडला तेव्हापासून तो धावत सुटला होता. भात खाऊन, गूळ खाऊन, अंडी खाऊन तिची माय सव्वीस-सत्तावीस किलोनं कमी झाली होती. मग हे सगळं खाणं गेलं कुठं?

तिनं मायचा हात हातात घेतला. रोज पाहत होती तो हात, पण पहिल्यांदाच चाचपला. वरून मऊ, भरलेला. बोटं आत दाबली तर लगेच हाड. मध्ये जे असायला पाहिजे होतं, ज्याच्या जोरावर गंज उतरायचा, ते नव्हतंच. उशी दाबल्यासारखी बोटं आत गेली.

"माय," ती म्हणाली, "कुठं दुखते का तुले?"

"पाठीत दुखते. चार महिने झाले. मले वाटलं चालल्यानं दुखून राह्यलं."

दुसऱ्या दिवशी दोघी आदिलाबादच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात गेल्या. तिथं डॉक्टर भाग्यलक्ष्मी म्हणून तिशीतली बाई होती, तेलुगू बोलणारी, कमी बोलणारी. तिनं बयनाबाईचं पोट तपासलं, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, मांडी दोन्ही हातांत धरून पाहिली. खुर्चीवरून हात न टेकता उठायला सांगितलं. बयनाबाईला उठता आलं नाही. स्कॅन झाला. चार दिवसांनी पुन्हा बोलावलं.

डॉक्टरनं पडद्यावर चित्र लावलं आणि चंदाला जवळ बोलावलं. माणूस कमरेत आडवा कापला तर आत जसा दिसेल, तसं ते चित्र होतं. कडेनं जाड काळपट कडं. "ही चरबी," डॉक्टर तेलुगूत म्हणाली. "अजून पुष्कळ आहे, म्हणून कुणाला शंका आली नाही." मग तिनं पाठीच्या कण्याशेजारच्या दोन फिकट पट्ट्यांवर पेन ठेवलं. "हे स्नायू. या बाईच्या उंचीला हे मुठीएवढे पाहिजेत. हे बघा केवढे राहिले. आणि हे इथं, स्वादुपिंडात, ही गाठ. हे ठिपके यकृतातले."

चंदाला आशाच्या प्रशिक्षणात जेवढं शिकवलं होतं तेवढं तिला कळलं. "पण ती खात होती," ती म्हणाली. "म्हणजे, मी देत नव्हते, पण ती चोरून खात होती. पोटभर."

"खाल्लं तरी थांबत नाही," डॉक्टर म्हणाली. "उपाशी माणसाचं शरीर आधी चरबी जाळतं, स्नायू होता होईल तो वाचवतं. या आजारात शरीराचा हिशेबच बिघडतो. आत सतत आग लागल्यासारखं असतं, आणि ते स्नायूही मोडून जाळत राहतं. वरून चरबी दिसते, म्हणून घरचे खुश होतात."

घरचे खुश होतात. चंदानं मान खाली घातली.

बयनाबाई मागं बाकावर बसली होती. "का म्हणते व डॉक्टरीणबाई?"

"पोटात गाठ हाये म्हणते," चंदा म्हणाली. "औषध देतीन. बरं होते म्हणते."

बयनाबाईनं पोरीकडे पाहिलं. मग तिनं सरळ डॉक्टरकडे तोंड वळवलं आणि अठरा वर्षं शाळेच्या मास्तरांशी बोलताना वापरलेल्या मोडक्या पण चालत्या तेलुगूत विचारलं, "एन्नि रोजुलु, अम्मा?" किती दिवस, बाई?

डॉक्टरनं आधी चंदाकडे पाहिलं, मग बयनाबाईकडे. आणि खरं सांगितलं. औषध चाललं तर सहा-आठ महिने. नाही चाललं तर कमी.

"बरं," बयनाबाई म्हणाली. परतताना ऑटोत, शहर मागं पडल्यावर, ती चंदाला म्हणाली, "मले खोटं सांगू नको. मी तुले खाण्याचं खोटं सांगतलं, त्याचं का झालं पाह्यलं ना."

चंदानं मायला आपल्या घरी आणलं, आणि त्या दिवसापासून तिथं उलटी गंगा वाहायला लागली. जिनं भाकर मोजून दिली होती, ती आता तुपाची वाटी घेऊन मायच्या खाटेशी बसू लागली. अंड्याचा रस्सा, शेंगदाण्याची चटणी, दुधात कुस्करलेली पोळी, आदिलाबादहून आणलेली प्रथिनांची पावडर. पण आता बयनाबाईला अन्नाचा वाससुद्धा सहन होईना. फोडणीचा ठसका आला की ती तोंड फिरवायची. दोन घास झाले की पोट दगडासारखं भरायचं.

"एक घास, माय. माह्यासाठी."

"तवा कावून नाई म्हणे व?" बयनाबाई एकदा म्हणाली. आवाजात राग नव्हता, थकवा होता, आणि त्यानंच ते जास्त लागलं. "तवा भूक होती. तवा देल्ली असती त चवीनं खाल्लं असतं."

चंदा वाटी घेऊन चुलीकडे गेली आणि पाठमोरी उभी राहिली.

भेटायला येणारे लोक तर वेगळंच बोलायचे. सत्तरीच्या घरात वजन असलेली बाई खाटेवर पाहून ते गोंधळायचे. "अंगानं त बरी हायेस की बयना," एक शेजारीण म्हणाली. "कॅन्सरवाले कसे काडीवानी होतात. तुले दुसरंच काही असन." बयनाबाईनं तिला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "मले उठवून बसव बरं." शेजारणीनं काखेत हात घातला. बयनाबाईचं धड तिच्यावर ओलं पोतं पडावं तसं पडलं, मान मागं लोंबली. शेजारीण घाबरून ओरडली. पंकज धावत आला. त्यानंतर ती शेजारीण आली नाही.

पोळ्याच्या आधी कॅन्सरच्या औषधाची पहिली सलाईन चढवली. त्या औषधाचं माप उंची आणि वजन पाहून ठरतं, आणि हिच्या वजनात तर बहुतेक चरबीच. डॉक्टर भाग्यलक्ष्मीनं हे ओळखून माप कमी केलं होतं. तरीही ते बयनाबाईला झेपलं नाही. तोंड आतून सोलून निघालं, जुलाब लागले, पाच दिवस ती नुसती कण्हत होती. सहाव्या दिवशी ती म्हणाली, "पुरे. मले घरी ठेव."

"अजून एकदा करून पाहू, माय."

"तू मले उन्हात चालवलं तवा म्या ऐकलं," बयनाबाई म्हणाली. "आता तू ऐक."

चंदानं ऐकलं. दुसरं करण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

वेदनेचं औषध आणायला ती दर आठवड्याला आदिलाबादला जायची. एकदा बाहेर रांग नव्हती, डॉक्टर एकटीच होती. चंदा औषधाची बाटली हातात घेऊन दारातच थांबली. कितीतरी दिवस आत कोंडलेला प्रश्न तिनं एका श्वासात विचारून टाकला. संक्रांतीला आणलं असतं तर? वजन उतरायला लागलं तेव्हा मी टाळ्या घेण्याऐवजी इथं आणलं असतं, तर वाचली असती का?

डॉक्टरनं चष्मा काढला. धीर देणारी वाक्यं तिला येत नव्हती असं नाही. ती रोज कुणाला ना कुणाला देत होती. पण या बाईला ती द्यावीशी वाटली नाहीत.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "ही गाठ लवकर सापडतच नाही. बहुतेक तेव्हाही उशीरच झाला असता. पण मी नक्की सांगू शकत नाही. कदाचित."

ते 'कदाचित' चंदा ऑटोतून घरी घेऊन आली. 'नाही' म्हटलं असतं तर ती रडून मोकळी झाली असती. 'हो' म्हटलं असतं तर स्वतःला शिव्या देऊन मोकळी झाली असती. 'कदाचित'ला कुठून धरावं तेच तिला कळेना. पंकज वाटेत दोनदा म्हणाला, "का म्हणल्या डॉक्टर?" ती औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचत राहिली.

शेवटचे पंधरा दिवस बयनाबाईला कूस बदलता येत नव्हती. चंदा आणि पंकज मिळून तिला वळवायचे. अंघोळ घालताना चंदाला आता सगळं दिसत होतं: पोटावरची लोंबती कातडी, खांद्यांची उघडी हाडं, आणि मांड्या. या मांड्यांवर डोकं ठेवून ती लहानपणी झोपली होती. आता तिथं कातड्याच्या सैल पिशव्या राहिल्या होत्या. गिळायलासुद्धा ताकद लागते हे तिला तेव्हा कळलं. चमच्यानं दिलेलं पाणी बयनाबाईच्या तोंडात तसंच थांबायचं, मग ओठाच्या कोपऱ्यातून ओघळायचं. श्वास घ्यायला छातीचे स्नायू लागतात, तेही विझत चालले होते.

एका दुपारी, गावात बतुकम्माच्या सणासाठी पोरी फुलं तोडत फिरत होत्या, तेव्हा बयनाबाईनं डोळे उघडले.

"चंदे."

"काय, माय?"

"तू चांगल्यासाठीच केलं. मले ठाव हाये." ती थांबली, तिला दम लागला. "पण लय वाईट वाटलं व मले. त्या बांधावर. लय वाईट वाटलं."

चंदानं मायचे पाय धरले. बयनाबाईनं पाय ओढूनही घेतले नाहीत आणि हात वर करून पोरीच्या डोक्यावरही ठेवला नाही. हात उचलायचं बळ नव्हतं, की मन नव्हतं, हे चंदाला त्या दिवशीही कळलं नाही आणि नंतरही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, पंकज चहा घेऊन आला तेव्हा बयनाबाई गेलेली होती.

गाव जमलं. शाळेला सुट्टी दिली. पोरं रांगेनं आली, काहींनी रडत रडत विचारलं, आता भात कोण करीन? दमयंती सिस्टर आली, चंदाला मिठीत घेऊन म्हणाली, "तुझा काही दोष नाही." चंदानं मान हलवली. हे ती आता कुणाकडूनही ऐकू शकत होती, कारण ते तिच्यापर्यंत पोचतच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी राख सावडून सगळे नदीवरून परतले. चंदानं तीन दिवस चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. शेजारच्या घरून भाकरी आणि बेसनाचं चून आलं होतं. पंकजनं ताट वाढून तिच्यापुढं ठेवलं. त्याला वाटलं होतं, ती ढकलून देईल. तिनं ढकललं नाही. गरम भाकरीचा वास नाकात गेला आणि तिच्या तोंडाला पाणी सुटलं. पहिला घास तिनं जरा थांबत घेतला, मग दुसरा, मग भराभर. अडीच भाकरी खाल्ल्या, वर कांदा मागून घेतला. घास खाली उतरत होता, पोटात ऊब येत होती, हातापायांत जीव परत येत होता. खाल्लेलं अंगी लागत होतं. चंदाला त्याचीच इतकी लाज वाटली, की खरकट्या हातानंच तिनं तोंड झाकून घेतलं.